क्लोंडाइकचे वाङ्मय आणि एक उपेक्षित यंत्र

सोने हा वाङ्मयाचा फार जुना विषय आहे. महाभारताच्या सभापर्वात उत्तरेकडील लोक मुंग्यांनी उकरलेले 'पिपीलिक' सुवर्ण युधिष्ठिरास भेट आणतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेही हिंदुस्थानातील सोने उकरणाऱ्या मुंग्यांची कथा सांगितली आहे. तथापि या दोन्ही ठिकाणी, आणि पुढील दोन हजार वर्षांच्या सुवर्णकथांतही, एक गोष्ट समान दिसते. सोने सापडले कसे, त्याचा लोभ किती अनर्थकारक ठरला, हे ग्रंथकार रंगवून सांगतात. परंतु ते मातीतून वेगळे करण्याचे काम दिवसामागून दिवस कोणी केले, कोणत्या हत्याराने केले, आणि ते हत्यार झिजले तेव्हा ते नीट कोणी केले, याविषयी ते मौन पाळतात. अर्वाचीन काळातील सर्वांत गाजलेल्या सुवर्णवाङ्मयाची, म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाकडील क्लोंडाइकच्या वाङ्मयाची, या दृष्टीने थोडी परीक्षा करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हकीकत थोडक्यात अशी. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात क्लोंडाइक नदीस मिळणाऱ्या एका ओढ्यात जॉर्ज कार्मॅक, त्याचा मेहुणा स्कूकम जिम आणि टॅगिश चार्ली यांना सोने सापडले. तो ओढा पुढे 'बोनान्झा' या नावाने प्रसिद्धीस आला. बातमी बाहेर फुटताच सुमारे एक लक्ष माणसे त्या दिशेने निघाली, आणि त्यांपैकी ३० ते ४० हजार तेथवर पोचली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. १८९९ मध्ये अलास्कातील नोम येथील सोन्याची वार्ता आली आणि गर्दी तिकडे वळली. म्हणजे ज्याला 'क्लोंडाइकची धाव' म्हणतात तो प्रकार अवघ्या तीन वर्षांचा! यांत्रिक उत्खनन मात्र तेथे पुढे सुमारे सहा दशके चालले. वाङ्मयाने त्या तीन वर्षांस आपले सर्वस्व वाहिले आणि साठ वर्षांस जेमतेम दोन ओळी दिल्या.

या वाङ्मयातील पहिले नाव अर्थातच जॅक लंडन याचे. १८९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो क्लोंडाइकला गेला आणि पुढील वर्षी स्कर्व्ही रोगाने जर्जर होऊन परतला. सोने त्याला लाभले नाही; कथा मात्र लाभल्या. त्याची 'टु बिल्ड अ फायर' ही १९०८ ची कथा आमच्या मते या सर्व वाङ्मयाचा मुकुटमणी होय. शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट इतक्या थंडीत एक मनुष्य विस्तव पेटवू पाहतो आणि ते न साधल्यामुळे मरतो, कथानक एवढेच. परंतु तीत आगकाड्या, बोटे, ओले झालेले पादत्राण या क्षुद्र वस्तूंस जे महत्त्व आले आहे ते पाहण्यासारखे आहे. थंड प्रदेशात साधनाची हेळसांड म्हणजे मृत्यू, हे सत्य लंडनने उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता वाचकाच्या हाडात उतरविले. मात्र हेच सत्य सोन्याच्या कामाला लावून दाखविणे त्याला सुचले नाही. 'बर्निंग डेलाइट' (१९१०) या कादंबरीत कुदळ-फावड्याचे युग संपून भांडवलाचे आणि यंत्राचे युग येत असल्याची जाणीव आहे खरी. पण तिचा नायक आपला हिस्सा विकून सॅन फ्रान्सिस्कोला निघून जातो, आणि त्याच्यामागोमाग कथाही निघून जाते. यंत्र येते तेथे लंडनचे कुतूहल संपते.

रॉबर्ट सर्व्हिस याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हा कवी बँकेतील कारकून. युकॉनमध्ये तो आला १९०४ साली, म्हणजे धाव ओसरल्यावर पाच वर्षांनी. १९०७ मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला आणि तो एकाएकी जगप्रसिद्ध झाला. १९०८ मध्ये त्याची बदली डॉसन शहरी झाली. त्या वेळी आसपासच्या ओढ्यांत ड्रेज नावाची प्रचंड यंत्रे घरघरू लागली होती. सर्व्हिसने ती पाहिली, आणि १९०९ च्या संग्रहातील 'द प्रॉस्पेक्टर' या कवितेत त्यांपैकी एकास स्थान दिले, याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ते कोणत्या रूपाने? जुना सोनेशोधक आपल्या ओळखीच्या ओढ्यावर परत जातो. तेथे त्याला विजेच्या डोळ्यांचा, खडक खाणारा आणि दगड विसर्जन करणारा एक राक्षस दिसतो. दोन माणसे त्या राक्षसाला चालवितात आणि तो सात विसांचे काम करतो. हे पाहून शोधक सुस्कारा टाकतो आणि पुन्हा अज्ञात रानाकडे वळतो.

चित्र जोरकस आहे, यात संशय नाही. पण आमचा आक्षेप नेमका या जोरावर आहे. यंत्राला राक्षस म्हटले की त्याच्या आत डोकावण्याची जबाबदारी टळते. राक्षसाला तेल लागत नाही. राक्षसाची कडी झिजत नाही. राक्षस गोठत नाही. आणि ती दोन माणसे! कवितेत ती केवळ संख्या म्हणून येतात. त्यांच्या हाताला काय लागत होते, कानात काय घुमत होते, कोणत्या आवाजाने त्यांच्या उरात धस्स होत असे, हे कवीस विचारावेसेही वाटले नाही. काव्याचा नायक होण्याचा मान त्याने निघून जाणाऱ्यास दिला, राहणाऱ्यास नव्हे.

आता हा राक्षस वस्तुतः काय होता ते पाहू. बोनान्झा ओढ्यावर 'ड्रेज क्रमांक ४' आजही उभा आहे. तो १९१२ मध्ये बांधला गेला आणि मधला खंड सोडता १९५९ पर्यंत चालला. सांगाडा लाकडी, उंची आठ मजली इमारतीएवढी. आपल्या वाचकांस त्याची कल्पना सहज यावी, कारण त्याचे मर्म म्हणजे आपले रहाटगाडगेच होय. स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगणारी एक नाव; तिच्या नाळेकडून पाण्यात उतरणारी पोलादी बादल्यांची अखंड माळ; एकेका बादलीत १६ घनफूट रेव मावावी, आणि मिनिटाला सुमारे २२ बादल्या वर याव्यात. ती रेव एका फिरत्या नळकांड्यासारख्या चाळणीत पडते; पाण्याच्या झोतांखाली बारीक माल गळून उतरत्या पन्हळींवर येतो, आणि मोठे धोंडे पट्ट्यावरून मागे फेकले जातात. पन्हळींत आडव्या पट्ट्या आणि त्यांखाली काथ्याची चटई. जड सोने तिच्या धाग्यांत अडकते, हलकी वाळू वाहून जाते. जेथे नारळाचे झाड कोणी स्वप्नातही पाहिले नसेल तेथे सोने धरून ठेवण्याचे काम अखेर काथ्याकडे यावे, हे कोकणातील वाचकांस खचित गमतीचे वाटेल. सराफकट्ट्याच्या गटारातील माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे आपले झारेकरी जे जाणतात तेच हे तत्त्व आहे, फरक प्रमाणाचा.

परंतु हे प्रमाणच सर्व अडचणींचे मूळ. बादलीचा ओठ खडकावर आपटून झिजतो, म्हणून तो मँगॅनीजयुक्त पोलादाचा करावा लागतो. हे पोलाद आघाताने अधिकच कठीण होत जाते, तरीही अखेर झिजते आणि ओठ बदलावाच लागतो. दोन बादल्यांना जोडणारी खीळ आणि तिच्या भोवतीचे कडे वाळूने घासून घासून सैल होते. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली तरी सबंध माळ लांबते आणि चाकावरून उसळू लागते. वंगण थंडीत घट्ट होते. शरदाच्या अखेरीस पन्हळींवर, दोरांवर, जिन्यांवर बर्फ चढते व ते फोडून काढावे लागते. काम साधारण एप्रिलच्या अखेरीस सुरू होई आणि नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस चाले. पुढे हिवाळाभर डागडुजी. मुंबईच्या गिरण्यांत आणि आगबोटींवर ज्याला 'तेलवाला' म्हणत, तोच मनुष्य येथेही या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत फिरत असे. त्याचे खरे ज्ञान कानात. एवढ्या गदारोळात एखादा सांधा निराळे कण्हू लागला की ते त्याला कळले पाहिजे. कारण माळ तुटून पाण्यात पडली तर आधीच तोकड्या हंगामातील दिवस फुकट जात.

बाहेरची जमीनही तशीच अडून बसलेली. ती बारमाही गोठलेली असल्यामुळे ड्रेजच्या पुढे जाऊन ती वितळवून ठेवावी लागे. आरंभी नळ्यांतून वाफ सोडीत. पुढे, १९२० च्या सुमारास, असे आढळून आले की ओढ्याचे साधे थंड पाणीच नळ्यांनी खोलवर सोडले तरी भूमी हळूहळू सुटते, आणि जळणाचा खर्च वाचतो. थंड पाण्याने बर्फ वितळविण्याची ही कल्पना कोणत्याही कवीस हेवा वाटावा अशी आहे. पण ती सुचली काम करणाऱ्यांस, आणि राहिलीही त्यांच्याचपाशी.

यावर रसिक विचारतील, वंगणाचा डबा हा काय वाङ्मयाचा विषय? प्रश्न रास्त आहे. परंतु किपलिंगने आगबोटीच्या वृद्ध यंत्रज्ञास 'मॅकॲण्ड्र्यूज हिम' या कवितेत बोलते केले, तेव्हा यंत्राच्या निगेत भक्तीचा सूर सापडू शकतो हे सिद्ध झाले. मार्क ट्वेनने 'रफिंग इट' (१८७२) या पुस्तकात नेवाडातील रुप्याच्या गिरणीतील आपली मजुरी वर्णिली. विनोद बाजूस ठेवला तरी त्या कामाचा क्रम वाचकाच्या ध्यानात पक्का बसतो. आपल्याकडे नरहरी सोनारांनी आपल्या धंद्यातील हत्यारे अभंगात आणली. तेथे ती परमार्थाची रूपके म्हणून येतात, हे खरे. पण ज्याने आयुष्यभर ती हाताळली त्यालाच ती रूपके सुचली, हेही तितकेच खरे. खंडेनवमीला हत्यारांस गंधफूल वाहणाऱ्या समाजास तरी हा विषय परका वाटू नये.

१९५० नंतरच्या लेखकांकडे वळले तर पिअर बर्टन याचे नाव प्रथम घ्यावे लागते. तो डॉसनमध्ये वाढला आणि विद्यार्थिदशेत तेथील सोन्याच्या कंपनीच्या छावणीत मजुरीस गेला. असे असूनही त्याचा १९५८ चा 'क्लोंडाइक' हा भारदस्त ग्रंथ त्या तीन वर्षांच्याच धावेचा इतिहास आहे. स्वतःच्या हातांस ठाऊक असलेल्या काळापेक्षा जन्मापूर्वीचा काळ त्यास अधिक मोलाचा वाटला, यावरून त्या दंतकथेची मोहिनी किती जबर आहे ते दिसून येते.

अपवाद एका ग्रंथाचा. जॉन मॅक्फी याच्या 'कमिंग इंटू द कंट्री' (१९७७) या अलास्कावरील पुस्तकात एक बाप आणि मुलगा एक अजस्र जुना बुलडोझर डोंगरांपलीकडील ओढ्यावर नेऊन सोने काढतात. मॅक्फी त्यांच्या जोडकामाचे, दुरुस्तीचे, हाताशी असलेल्या लोखंडातून नवे साधन घडविण्याचे वर्णन अशा तन्मयतेने करतो की वाचक सोन्याची वाट पाहणेच विसरतो. आणि याच ठिकाणी तो एक अवघड प्रश्नही टाळीत नाही : एवढ्याशा सोन्यासाठी ओढ्याचा तळ उलथून टाकणे योग्य काय? मॅक्फीचा कल खाणकऱ्यांकडे झुकतो. आम्हांस तो निर्णय सर्वस्वी मान्य नाही. पण आपले माप उघडपणे वाचकापुढे ठेवणारा लेखक आम्हांस राक्षसाची उपमा देऊन मोकळ्या होणाऱ्या कवीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

कारण यंत्राची निगा हा सद्गुण खरा, तरी तो अपुरा आहे. ज्या हातांनी ड्रेजची एकेक खीळ जपली त्याच हातांनी खोरेच्या खोरे उलटेपालटे झाले. धोंड्यांच्या वाकड्या राशी क्लोंडाइकच्या काठी आजही अळीने कुरतडून टाकलेल्या वाटेप्रमाणे पसरलेल्या आहेत. 'क्लोंडाइक' हे नावच मुळी 'ट्रोंडेक' या शब्दाचा अपभ्रंश होय. त्याचा संबंध हातोड्याच्या दगडाशी आहे. ट्रोंडेक ह्वेचिन लोक त्या दगडाने नदीत मेखा ठोकीत आणि त्यांच्या आधाराने साल्मन मासे धरण्याचे बांध घालीत. धाव आली तेव्हा त्यांना तेथून उठून नदीच्या खालच्या अंगास मूसहाइड येथे जावे लागले. म्हणजे त्या नदीचे नावही एका हत्याराचे आणि हंगामोहंगामी कराव्या लागणाऱ्या निगेचेच स्मारक आहे. फक्त त्या निगेत नदीही जपली जात होती. २०२३ मध्ये युनेस्कोने 'ट्रोंडेक-क्लोंडाइक' या जोडनावाने हा प्रदेश जागतिक वारशात घेतला, तो या दोन्ही स्मृतींसह.

तात्पर्य, लंडनची थंडी, सर्व्हिसचा ठेका आणि बर्टनचा व्यासंग यांचा आस्वाद वाचकांनी अवश्य घ्यावा. त्याबरोबर त्यांनी काय वगळले हेही लक्षात ठेवावे. ड्रेज क्रमांक ४ आपल्याच तळ्यात बुडून गाळात रुतला होता. १९९१-९२ च्या सुमारास तो बाहेर काढण्यात आला, आणि आता कॅनडाचे उद्यान खाते त्याचे जतन करते. सोने काढणे थांबून साठांहून अधिक वर्षे लोटली. लाकूड कुजू नये, लोखंड गंजू नये म्हणून माणसे अद्याप त्यावर चढतात. त्यांच्यापैकी एखाद्याने, अथवा ट्रोंडेक ह्वेचिनांपैकी एखाद्याने, यंत्र आणि नदी या दोहोंच्या निगेचा वृत्तान्त एकाच ग्रंथात मांडला, तर क्लोंडाइकच्या वाङ्मयात आजवर जी उणीव आहे ती भरून निघेल.