भुरटा आणि ढापणारा

मराठीत चोरीला शब्दांचा तुटवडा नाही. लांबवणं, उडवणं, लंपास करणं, हात मारणं, ढापणं... ही श्रीमंती पाहून पूर्वजांचा आदर करावा की संशय घ्यावा, कळत नाही! पण आमच्यासारख्या जमाखर्चाच्या माणसाने ही यादी तपासली, तर तीत एक तफावत सापडते.

'भुरटा' हे माणसाचं नाव आहे; 'ढापणं' ही नुसती क्रिया. अंगणातली बादली उचलणारा एकदा भुरटा ठरला की तो जेवताना भुरटा, झोपतानाही भुरटाच. उलट आमच्या कर्वेनगरात पहाटे फिरायला निघालेले एखादे आजोबा दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद देवासाठी पिशवीत भरतात. त्यांना काय म्हणायचं? 'फुलं ढापली', बस्स! पिशवी मिटली की ते पुन्हा आजोबा. ढापणाऱ्याला मराठीत नावच नाही. 'ढापण्या' म्हणावं, तर तो बिचारा चष्मेवाला! हापिसातल्या टाचण्या, लायब्ररीतलं पुस्तक, सगळं ढापलेलं. चोरलेलं काहीच नाही. बँकेत काउंटरवरच्या पेनला दोरी बांधतात, ती काय भुरट्यांसाठी?

इथवर हसायला हरकत नाही. पण इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही आला, आणि 'उचल्या' हा शब्द माणसांना जन्मतः चिकटला. पाळण्यातल्या पोराने अजून खुळखुळासुद्धा उचललेला नाही, तरी ते उचल्या! कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द कोण रद्द करणार? लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन मोलकरणीच्या पिशवीकडे बघत बसलो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आपल्यापेक्षा उदार निघाली. पाच हजारांच्या आतली चोरी असेल, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कायदासुद्धा आता रक्कम बघतो, खातं पहिलं की जुनं ते बघतो. आपण मात्र अजून माणसाचे कपडे बघून शब्द निवडतो.

तेव्हा वाचकहो, एक तर फुलवाल्या आजोबांनाही भुरटे म्हणा, नाही तर त्या बादलीवाल्यालाही 'ढापली बुवा बादली' म्हणून सोडून द्या. दोन्हींपैकी काहीही चालेल. ताळा जुळल्याशी कारण!