जनुकांचा सातबारा

जात रक्तात असते हे सनातन्यांचे म्हणणे आपण नाकारले. तेच म्हणणे विज्ञानाचा अंगरखा घालून आपल्याच व्यासपीठावरून मांडले जाते, तेव्हा त्याची चिकित्सा आपणच केली पाहिजे.

२००१ साली 'जीनोम रिसर्च' या नियतकालिकात बामशाद व सहकाऱ्यांचा आंध्रातील जातींविषयीचा निबंध आला. वरच्या जातींतील पितृवंशाची जनुकीय चिन्हे युरोपीय समूहांच्या अधिक जवळ आहेत, एवढे त्यातून उचलले गेले आणि अमुक जात परकी, तमुक जात मूळची असा निवाडा झाला. त्याच निबंधात पितृवंशाची चिन्हे सर्वच जातींत युरोपीयांकडे झुकलेली आणि मातृवंशाची चिन्हे सर्वच जातींत आशियाई समूहांच्या जवळची निघाली. फरक होता तो कमीजास्त प्रमाणाचा. हे कोणी सांगितले नाही.

लोकसंख्या-जनुकशास्त्र बोलते ते प्रमाणाचीच भाषा. समजा, एखाद्या समूहात एका अप्रभावी जनुकाचे प्रमाण शेकडा १० आहे. लग्ने त्या जनुकाचा विचार न होता, कोणाचीही कोणाशी होत असतील, तर हजारांत १० माणसांत ते लक्षण दिसेल. १८० माणसे लक्षण न दाखवता ते जनुक वाहतील. ८१० जणांत ते नसेल. पुढच्या पिढ्यांतही हेच प्रमाण टिकेल. १९०८ साली इंग्लंडमध्ये हार्डी आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे सांगितलेला जनुकीय समतोल तो हाच. प्रभावी म्हणून जनुक समाजात माजत नाही, अप्रभावी म्हणून नाहीसे होत नाही. दिसणाऱ्या दहांमागे न दिसणारे एकशे ऐंशी असतात. मग चेहरा पाहून शुद्धता कशी ठरणार?

या समतोलाला अटी आहेत : समूह मोठा हवा, निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर नको, आणि लग्नाला कुंपण नको. पाठ्यपुस्तके ही शेवटची अट एका ओळीत उरकतात. जिथे पत्रिकेआधी पोटजात विचारली जाते, तिथे तिच्यावर प्रकरण लिहायला हवे. कुंपण पडले की प्रत्येक तुकड्यातील प्रमाण आपापल्या वाटेने बदलते. म्हणजे कुंपणाआड वाढलेला हा फरक जातीचे कारण नसून जातीचा परिणाम आहे. २०१३ साली मूरजानी व सहकाऱ्यांनी दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातील समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. ते मिसळणे नंतर थांबले.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात शोधले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी मानवमितीचे आकडे तपासून अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचे मत फेटाळले. आज त्यांचेच नाव घेऊन वंशाची भाषा बोलणे ही त्यांच्या विचाराची उलटी वाट आहे.

शिवाय, आकडा समूहाचा असतो, समोरच्या माणसाचा नव्हे. जनुके म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. उद्या दुसरा निबंध उलट काही सांगेल, तेव्हा आपला हक्क कुठे जाईल? १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपण माणूस म्हणून पाणी प्यायलो; कोण आधी आले याचा दाखला तिथे नेला नव्हता. कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून वंशावळी सांगण्याऐवजी हा हजारांचा हिशेब फळ्यावर मांडावा, आणि कुंपण कोणी घातले, कोणाच्या फायद्यासाठी टिकवले, हा प्रश्न त्याच्याखाली लिहावा.