रक्तपिपासु नायक व त्याचे टीकाकार

एखाद्या पुस्तकाचा खप आणि त्याची निंदा हीं दोन्ही जोडीनें वाढावीं, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासांत नवा नाहीं. तथापि स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांच्या वांट्यास हीं दोन्ही ज्या प्रमाणांत आलीं, त्या प्रमाणांत तीं अलीकडे फारच थोड्या ग्रंथांस लाभलीं असतील. पहिली कादंबरी २००५ सालीं निघाली. पुढील तीन वर्षांत ‘न्यू मून’, ‘एक्लिप्स’ आणि ‘ब्रेकिंग डॉन’ या तीन निघाल्या. २००८ ते २०१२ या काळांत त्यांवर पांच चित्रपट झाले. आणि चारी भागांच्या मिळून दहा कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या. याच काळांत, कोणतीं पुस्तकें ग्रंथालयांतून काढून टाकावीं अशी मागणी लोक करतात याची जी यादी अमेरिकन ग्रंथालय-संघ दरवर्षीं प्रसिद्ध करतो, तिच्यांत २००९ व २०१० या दोन्ही सालीं या कादंबऱ्या पहिल्या दहांत होत्या.

आतां त्या वादाचा धुरळा बसला आहे. ज्या मुलींनीं चौदाव्या-पंधराव्या वर्षीं हीं पुस्तकें उशाखालीं ठेवलीं, त्या आज तिशीच्या घरांत आहेत. आमच्याकडील इंग्रजी शाळांतून शिकलेल्या मुलीहि त्यांत आहेतच, आणि त्यांच्या वडील मंडळींस त्या वेळीं ‘हें काय वाचतेस?’ यापलीकडे कांहीं विचारावयास बहुधा सवड झाली नव्हती. तेव्हां त्या वादांत कोणाचें म्हणणें कितपत खरें होतें, हें थंड डोक्यानें पाहण्यास ही वेळ बरी आहे असें आम्हांस वाटतें.

ज्यांनीं या कादंबऱ्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. वॉशिंग्टन राज्यांतील फोर्क्स नांवाच्या सदा पाऊस पडणाऱ्या गांवीं बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी आपल्या वडिलांकडे राहावयास येते. शाळेंत तिच्या शेजारीं बसणारा एडवर्ड कलन दिसावयास सतरा वर्षांचा, पण जन्मलेला १९०१ सालीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत तो मरावयास टेकला असतां त्याला रक्तपिशाच्चाची योनि प्राप्त झाली. युरोपीय वाङ्मयांतील हें पिशाच्च, ज्याला इंग्रजींत व्हँपायर म्हणतात, आमच्या वेताळ-मुंज्यांच्या जातीचें नाहीं. तें सभ्य वस्त्रें घालतें, सभ्य भाषा बोलतें आणि बहुधा मोठ्या घरांत राहतें. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’पासून तर त्याची ओळख घरोघर झाली आहे. मायरबाईंनीं त्याचे सुळे काढून टाकले, उन्हांत त्याची कांति हिऱ्यासारखी झगमगावी अशी व्यवस्था केली, आणि मनुष्याच्या रक्ताचा त्याग करून जनावरांच्या रक्तावर राहण्याचें व्रत त्याला दिलें. बेलाचें रक्त मात्र त्याला विलक्षण मोह घालतें. प्रेम आणि भक्षण यांमधील ओढाताण हा पहिल्या भागाचा विषय. पुढें तो तिला सोडून जातो. जेकब हा लांडग्याचें रूप घेणारा तरुण तिचा सखा होतो. शेवटीं एडवर्डशीं अठराव्या वर्षीं विवाह, जीवावर बेतणारें बाळंतपण आणि स्वतः बेलाचा पिशाच्चयोनींत प्रवेश, असा हा क्रम आहे.

टीकाकारांची पहिली फळी भाषेवर तुटून पडली. स्टीफन किंग यांच्यासारख्या भयकथांच्या बादशहानें २००९ सालीं मायरबाईंस लिहितां येत नाहीं असा उघड निकाल दिला. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एडवर्डच्या सौंदर्याचें वर्णन इतक्या वेळां येतें कीं वाचणाऱ्यानें पानें मोजावीं, आणि संगमरवराची उपमा तर झिजून गुळगुळीत झाली आहे. परंतु या टीकेबरोबर एक दुसरा सूर येत होता, आणि तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पुस्तकांस हंसतां हंसतां लोक तीं वाचणाऱ्या मुलींस हंसूं लागले. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ पासून हरएक संकटांतून कोट न चुरगळतां बाहेर पडतो आणि प्रत्येक कथेंत त्याला नवी सुंदरी मिळते. तें वाचणाऱ्या पुरुषांच्या बुद्धीबद्दल कोणी अशी हाकाटी केली नाहीं. पुरुषांचें मनोराज्य ती करमणूक, आणि मुलींचें मनोराज्य तो रोग, असा हा न्याय आहे. शिवाय मायरबाईंचें एक सामर्थ्य या हंसणाऱ्यांच्या लक्षांतच आलें नाहीं. एडवर्ड निघून गेल्यावर ‘न्यू मून’मध्यें चार महिन्यांचीं केवळ नांवें तेवढीं छापलीं आहेत, बाकी पानें कोरीं. सतराव्या वर्षींचें दुःख कसें असतें तें ज्याला आठवतें, त्याला त्या कोऱ्या पानांवर हंसूं येणार नाहीं.

दुसरी फळी धर्मरक्षकांची. पिशाच्चांचें उदात्तीकरण मुलांच्या हातीं देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. लेखिका स्वतः श्रद्धाळू मॉर्मन पंथाची आहे, आणि तिचा नायक लग्नापूर्वीं शरीरसंबंधास ठाम नकार देतो. आमच्याकडील अनेक कादंबऱ्यांचे नायक या बाबतींत त्याच्या पासंगास पुरणार नाहींत. या आक्षेपाजवळ अधिक थांबण्याचें प्रयोजन दिसत नाहीं.

खरा आक्षेप तिसरा, आणि तो मुख्यतः स्त्रियांनींच घेतला. एडवर्डचें वागणें प्रेमाचें कीं पहाऱ्याचें? बेलास नकळत तो रात्रीं खिडकींतून तिच्या खोलींत शिरतो आणि ती झोंपली असतां तिच्याकडे पाहत बसतो. ‘एक्लिप्स’मध्यें तिनें जेकबला भेटूं नये म्हणून तो तिच्या गाडीच्या यंत्राचा एक भाग काढून ठेवतो, पुढें आपल्या बहिणीस एक भारी मोटार देऊं करून तिच्याकरवीं बेलास घरांत अडकवून ठेवतो. यावर चाहत्यांचें उत्तर असें कीं, ही अद्भुतकथा आहे. वाचणाऱ्या मुलींस पिशाच्च आणि नवरा यांतील भेद समजतो. हें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. १८६८ सालच्या ‘मंजुघोषे’सारख्या अद्भुत कादंबऱ्यांवर आमच्या पूर्वजांनीं पुष्कळ रात्री जागविल्या, म्हणून कोणी संसार टाकून राजपुत्राच्या शोधास निघाल्याचें ऐकिवांत नाहीं. वाचक, आणि विशेषतः तरुण वाचक, आपण समजतों तितका भोळा नसतो.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो नायकाच्या वागण्यांत नसून, तें वागणें पाहणाऱ्या दृष्टींत आहे. दुष्ट, मत्सरी, जुलमी नायक वाङ्मयांत असूं नयेत असें कोण म्हणेल? बेलाची आवडती कादंबरी म्हणून जिचा उल्लेख मायरबाई पुनःपुन्हां करतात, त्या एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’चा नायक हीथक्लिफ एडवर्डहून शतपटीनें क्रूर आहे, तो ज्या मुलीला पळवून नेतो तिच्या लाडक्या कुत्र्यालाच फांस लावून टांगतो. परंतु ब्राँटेनें ती कथा मुख्यतः नेली डीन या घरकाम करणाऱ्या बाईच्या तोंडून सांगविली आहे. नेली सर्व पाहते, कधीं हळहळते, कधीं संतापते, कधीं चुकतेहि. आणि ती सांगत असतां वाचकाला स्वतःचा निर्णय करण्यास मोकळी जागा राहते. हीथक्लिफवर मोहून जाणाऱ्या इझाबेलाची पुढें काय दशा होते, तेंहि आपणांस दाखविलें जातें. ‘ट्वायलाइट’मध्यें अशी मोकळी जागा नाहीं. जवळजवळ सर्व कथा बेला स्वतः सांगते, आणि बेलाला जें काळजी वाटतें त्याला जुलूम म्हणणारें पात्र लेखिका उभेंच करीत नाहीं. गाडी बंद पाडल्याच्या रात्रीं बेला रागानें खिडकी लावून घेते. कांहीं क्षणांनीं सुस्कारा टाकते, आणि तीच खिडकी सताड उघडून ठेवते. हा प्रसंग एखाद्या चांगल्या लेखकाच्या हातीं फार मोठा ठरला असता. येथें तो एक गोड रुसवा म्हणून निघून जातो. पुढें एडवर्ड आपलें चुकलें असें कबूल करून तिला जेकबकडे जाऊं देतो, हें न्यायास धरून सांगितलें पाहिजे. पण ‘जाऊं देणें’ हें त्याच्याच हातीं राहतें, इकडे लेखिकेचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

जेकबच्या बाबतींत तर हें अधिकच उघडें पडतें. तो बेलाचें बळजबरीनें चुंबन घेतो. ती त्याच्या तोंडावर ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरीं गेल्यावर तिचे वडील, जे त्या गांवचे पोलीस-प्रमुख आहेत, जेकबला शाबासकी देतात! ही गंमत आहे असें समजून वाचकानें हंसावें अशी लेखिकेची अपेक्षा आहे.

या कादंबऱ्यांच्या एका चाहतीनें इंटरनेटवर जें अनुकरण लिहिलें, त्यांतूनच २०११ सालीं ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही प्रौढांची कादंबरी निघाली. तिच्यांत पिशाच्च गळालें आहे. राहिली आहे ती श्रीमंत पुरुषाची हुकमत. मूळ कथेंत लोकांस कशाची भुरळ पडली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा टीकाकारांसहि देतां आला नसता.

मायरबाईंनीं या टीकेला उत्तर दिलें नाहीं असें नाहीं. पहिल्या कादंबरीस दहा वर्षें झालीं तेव्हां, २०१५ सालीं, त्यांनीं ‘लाइफ अँड डेथ’ या नांवानें तीच कथा स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून लिहिली. येथें मनुष्य तो मुलगा बो, आणि पिशाच्च ती मुलगी ईडिथ. बेला दुबळी दिसते ती स्त्री म्हणून नव्हे, तर राक्षसी बळाच्या प्राण्यांत सांपडलेला माणूस म्हणून, हें त्यांस दाखवावयाचें होतें. कल्पना चतुर आहे. परंतु ही अदलाबदल केवळ पहिल्या भागापुरती आहे. गाडी बंद पाडण्याचा, कोंडून ठेवण्याचा आणि बळजबरीच्या चुंबनाचा प्रकार येतो तिसऱ्या भागांत. म्हणजे जेथें परीक्षा खरोखर कठीण झाली असती, त्या प्रश्नापर्यंत ही उत्तरपत्रिका पोंचलीच नाहीं. २०२० सालीं निघालेली ‘मिडनाइट सन’ ही एडवर्डच्या तोंडची कथाहि पहिल्या भागापाशींच थांबते. मात्र तींत एक गोष्ट लक्षांत येते. पहिल्याच दिवशीं बेलाच्या रक्तासाठीं सगळा वर्ग मारून टाकावा काय, असा विचार एडवर्ड करतो, आणि स्वतःविषयीं त्याला वाटणारी किळस पानोपानीं आहे. नायकाकडे कठोरपणें पाहणें लेखिकेला जमत होतें. तें काम तिनें नायकावरच सोंपविलें, आणि जिला त्याची गरज होती त्या नायिकेला दिलें नाहीं.

या सर्व गोंगाटांत ज्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलें, त्यांच्याविषयीं लिहिल्याशिवाय हा लेख आम्हांस संपवितां येत नाहीं. जेकब ज्या जमातीचा आहे ती क्विल्यूट जमात कल्पित नाहीं. फोर्क्सजवळ पॅसिफिक महासागराच्या कांठीं ला पुश या गांवीं, सुमारें एक चौरस मैल राखीव जमिनीवर, हे मूळ रहिवासी आजहि राहतात. सर्वांत पाऊस कोठें पडतो तें मायरबाईंनीं इंटरनेटवर शोधलें, फोर्क्स सांपडलें, त्याच्या शेजारीं ला पुश दिसलें. आणि गांव प्रत्यक्ष पाहण्यापूर्वींच जमातीचें खरें नांव कथेंत आलें. क्विल्यूटांच्या परंपरागत कथेंत एक दैवी प्रवासी लांडग्यांपासून त्यांचे पूर्वज घडवितो. ही उत्पत्तीची कथा आहे. रागाच्या भरांत मनुष्याचा लांडगा होतो, असें त्यांत कोठेंहि नाहीं, तें कादंबरीचें.

आणि येथेंच वर सांगितलेला दोष दुसऱ्या एका दोषास येऊन मिळतो. ‘न्यू मून’मध्यें एमिली नांवाची तरुणी आहे. तिच्या सुंदर चेहऱ्याची एक बाजू जखमांच्या वणांनीं विद्रूप झाली आहे. कारण तिचा प्रियकर सॅम, या लांडग्यांचा म्होरक्या, एकदां क्षणभर स्वतःस आवरूं शकला नाहीं. तो येऊन त्या वणांचीं चुंबनें घेतो, आणि तें खरें प्रेम पाहवेना म्हणून विरहिणी बेला तोंड फिरविते. घरांत मार खाल्लेल्या स्त्रीचा चेहरा प्रेमाचें प्रतीक म्हणून मांडला गेला, तोहि प्रत्यक्ष अस्तित्वांत असलेल्या जमातीच्या घरांत. गोऱ्या पिशाच्चांस शंभर वर्षांचा संयम, पियानो आणि ग्रंथसंग्रह. त्या जमातीच्या तरुणांस उघडें अंग आणि न आवरणारा संताप. ही वांटणी लेखिकेनें हेतुपुरस्सर केली असें आम्ही म्हणत नाहीं. ती सहज झाली, हेंच अधिक विचार करण्याजोगें आहे.

२०१० सालीं अँजेला रायली या कायद्याच्या प्राध्यापिकेनें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें लेख लिहून, या जमातीच्या नांवावर दागिने-कपडे विकून इतरांनीं पैसा केला, जमातीच्या हातीं त्यांतलें फारसें कांहीं पडलें नाहीं, याकडे लक्ष वेधलें. सिएटल येथील बर्क वस्तुसंग्रहालयानें क्विल्यूटांच्या सहकार्यानें कादंबरींतील लांडगे आणि खऱ्या परंपरा यांतील भेद समजावून देणारी माहिती प्रसिद्ध केली. तींत १८८९ सालची एक हकीकत आहे: त्या वर्षीं गांवचे लोक बाहेर गेले असतां, जमिनीवर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्या वसाहतवाल्यानें ला पुशचीं २६ घरें जाळून टाकलीं, आणि पिढ्यान्-पिढ्या जपलेल्या कोरीव वस्तु त्यांत गेल्या. चित्रपट पाहून लांडगे शोधावयास येणाऱ्या प्रवाशांस जें गांव दिसतें तें त्यानंतर पुन्हां उभारलेलें आहे. आणि तेंहि भरतीच्या पाण्याच्या इतकें जवळ कीं, त्सुनामी आली तर शाळेंतील मुलांस पळावयास वेळ मिळेल कीं नाहीं, ही तेथील वडील मंडळींची कित्येक वर्षांची काळजी होती. उंचावर जाण्यास जमातीला शेजारच्या राष्ट्रीय उद्यानांतील जमीन मिळावी असा कायदा २०१२ सालीं झाला. त्याच वर्षीं शेवटचा चित्रपट निघाला. शाळा टेकडीवरच्या नव्या इमारतींत जावयास आणखी दहा वर्षें लागलीं.