समोर समुद्र, पानात काय?

या व्याख्यानमालेत आपण आत्तापर्यंत कविता, नाटक, चित्रं यांच्या आस्वादाबद्दल बोललो. आजचा विषय बघून काहींना वाटलं असेल, की सर आता निवृत्तीनंतर हॉटेलांची परीक्षणं लिहायला लागले. तसं समजलात तरी चालेल. कड्याच्या टोकावर बांधलेलं, समोर अथांग समुद्र दिसणारं उपाहारगृह, हा आज सौंदर्यानुभवाचा फार लोकप्रिय प्रकार झाला आहे. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपायला वर्षं लागतात. इथे सूर्यास्ताच्या वेळी बसायला जागा मिळत नाही. ज्या अनुभवासाठी लोक पदरचे पैसे मोजून इतक्या लांब जातात, त्याची समीक्षा करायची नाही, तर कशाची करायची?

तर प्रश्न साधा आहे. समोर समुद्र असला की जेवण चांगलं लागतं का? आणि लागत असेल, तर चांगलं काय असतं, जेवण की समुद्र?

आधी शब्दांकडे बघू. रुची, आस्वाद, रस, गोडी हे सगळे शब्द मुळात जिभेचे. आपण ते कवितेला लावतो. युरोपातही तेच झालं, तिकडेही 'टेस्ट' हा शब्द जिभेवरून कलेकडे गेला. पण शब्द उसना घेतल्यावर तत्त्वज्ञांनी जिभेला मात्र दाराबाहेर उभं केलं. कांटचा 'क्रिटीक ऑफ जजमेंट' हा ग्रंथ १७९० सालचा. त्यात तो सुखद आणि सुंदर यांत भेद करतो. एखादं मद्य सुखद आहे असं कुणी म्हणालं, तर ते 'मला सुखद आहे' असं दुरुस्त करून घ्यायला त्याची हरकत नसते. पण 'हे मला सुंदर आहे' असं म्हणणं कांटला हास्यास्पद वाटतं. सुंदर म्हणताना आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो.

हे कड्यावरच्या टेबलापाशी अगदी स्वच्छ दिसतं. तुम्हाला सुरमई आवडली आणि तुमच्या मेहुण्याला नाही आवडली, तर तुम्ही म्हणता, बरं, तू पनीर घे. भांडण होत नाही. पण सूर्य बुडत असताना तोच मेहुणा फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसला, तर तुम्हाला राग येतो. 'अरे, बघ ना जरा!' हा जो 'बघ ना' आहे, तो कांटचा सौंदर्यनिर्णय. सुरमईच्या बाबतीत आपण उदार असतो आणि सूर्यास्ताच्या बाबतीत हट्टी. एकाच टेबलावर, एकाच वेळी.

आपल्या परंपरेनं जिभेला इतकं हिणवलं नाही. भरताला नाट्यशास्त्रात रस समजावून द्यायचा होता, तेव्हा त्यानं उदाहरण घेतलं ते नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचं. प्रसन्न मनाचा माणूस ते चाखतो, तसा प्रेक्षक भाव चाखतो. पुढे अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी विघ्नं मोजली. त्याचा इशारा असा, की मन स्वतःच्याच सुखदुःखात अडकलं किंवा भलतीकडे ओढलं गेलं की आस्वाद तुटतो. आस्वादाला एकाग्रता लागते, मग तो नाटकाचा असो की आमटीचा.

आता हा निकष लावून बघा. आपल्या अक्षांशांवर सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. जेवण चालतं तास-दीड तास. त्या सव्वादोन मिनिटांत वाढपी ऑर्डर विचारत असतो, कुणी फोटो काढत असतो, आणि ताटातला गरम मासा निवत असतो. मग अंधार होतो. समुद्र दिसेनासा होतो, उरतो तो त्याचा आवाज आणि लांबवर होड्यांचे दिवे. पुढचा तासभर आपण दर मोजतो तो न दिसणाऱ्या समुद्राचा. म्हणजे दोन आस्वाद एकत्र विकले जातात आणि दोन्ही अर्धवट मिळतात. पण आपल्याला ते जाणवत नाही, कारण जेवणातली उणीव दृश्य झाकतं आणि दृश्यात लक्ष नव्हतं ही उणीव जेवण झाकतं.

एक ठोस उदाहरण घेतो. केरळमधलं वर्कला. मी तिथे दोनतीनदा राहिलो आहे. तांबडा कडा सरळ समुद्रावर उभा. वर कडेनं एक पायवाट जाते, पायवाटेच्या एका बाजूला कड्याची धार आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं दुकानं, उपाहारगृहं. संध्याकाळी दारात बर्फावर मासे मांडून ठेवतात, तुम्ही बोट दाखवायचं, ते भाजून देतात. इथवर छान. पण मेनूकार्ड उघडा. पिझ्झा, पास्ता, मोमो, हमस. शेजारच्या हॉटेलात जा, जवळपास तेच कार्ड. केरळची आंबट मीन करी, म्हणजे कुडमपुळी घातलेली (ही आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण), आणि सोबत उकडलेला कप्पा, हे हवं असेल तर कड्याकडे पाठ करून गावात जावं लागतं. बाकड्यावर बसून खायचं, समोर भिंत.

हे असं का होतं? स्वयंपाक्याचा दोष नाही. रत्नागिरीतल्या किंवा मालवणातल्या खानावळीत जेवणारा माणूस उद्या परत येणार असतो. सार बिघडलं तर परवा तो समोरच्या खानावळीत जातो. हा रोजचा न्याय आहे आणि तो स्वयंपाकाला सरळ ठेवतो. कड्यावरचं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं आणि ते समुद्रासाठी येतं. त्यामुळे स्वयंपाकघराला कुणी जाबच विचारत नाही. दृश्य जितकं भव्य, तितकी स्वयंपाकघराची जबाबदारी कमी. हा काही अटळ नियम नाही, अपवाद मी खाल्ले आहेत. पण ओढ त्या दिशेला असते.

दुसरी गोष्ट, खुर्च्या. या ठिकाणी खुर्च्या बहुधा समुद्राकडे तोंड करून मांडतात, सिनेमागृहासारख्या. चौघं जण गेले तर चौघंही समोर बघतात. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. आता कांटचीच गंमत सांगतो. जिभेला सौंदर्याच्या बाहेर ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र जेवणाच्या संगतीबद्दल फार काटेकोर होता. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रावरच्या व्याख्यानांत तो म्हणतो, की पंक्तीला तिनाहून कमी आणि नवाहून जास्त माणसं नसावीत. तत्त्वज्ञानं एकट्यानं जेवणं त्याला प्रकृतीला अपायकारक वाटे. त्याला जेवणात हवं होतं ते संभाषण. आपली पंगतही समोरासमोर बसायची. कड्यावर आपण एका रांगेत बसतो आणि शेजारच्याला विसरतो.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. उंचीवरून समुद्र 'दृश्य' होतो. भव्यतेबद्दल कांट म्हणतो, की खवळलेला सागर आपल्याला उदात्त वाटतो तो आपण सुरक्षित जागी असलो तरच. कडा ही अशी सुरक्षित जागा. पण वर्कल्याच्या त्याच कड्याखालच्या किनाऱ्याला पापनाशम म्हणतात. तिथे लोक पितरांना बळी अर्पण करायला येतात. कर्किडकम महिन्यातल्या अमावास्येला, म्हणजे बहुधा ज्या अवसेला आपण दिवे पुजतो त्याच अवसेला, तिथे मोठी गर्दी होते. भर पावसाळा असतो, समुद्र उसळलेला असतो, आणि वरची पुष्कळशी हॉटेलं हंगाम नाही म्हणून बंद असतात. विचार करा. एकाच पाण्यापाशी एक माणूस वडिलांना निरोप देतो आहे, दुसरा जाळं घेऊन निघाला आहे, तिसरा 'सी व्ह्यू टेबल' मागतो आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला, गाबिताला विचारा, समुद्र कसा आहे? तो 'सुंदर' म्हणणार नाही. तो वारं सांगेल, उधाण आहे की भांग ते सांगेल. दृश्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते एकच खरं नाही, आणि वरच्या टेबलावरून बाकीची दोन दिसत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पाहणं आणि खाणं यांत एक मोठा फरक आहे. मी सूर्यास्त पाहिला म्हणून तुमच्या वाट्याचा कमी होत नाही. मी मासा खाल्ला तर तो संपतो. पाहण्यात वस्तू शिल्लक राहते. सौंदर्याचा आस्वाद निरपेक्ष असतो, या म्हणण्यामागे हीच गोष्ट आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव दाखवले. मला वाटतं, कड्यावरच्या टेबलाशी हे दोन्ही ध्रुव एकाच खुर्चीत बसलेले असतात. आणि तिथे काय होतं, तर लौकिक अलौकिकाला गिळायला लागतं. दृश्य ही न संपणारी गोष्ट. पण दृश्य बघायची जागा मात्र संपते. त्या जागेला दर लागला, की समुद्रही मेनूकार्डावरचा एक पदार्थ होतो.

आणि हे नुसतं रूपक नाही. वर्कल्याच्या कड्याचा माथा लॅटेराइटचा आहे, म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस बुकाननननं १८०७ साली या दगडाला हे नाव दिलं, तेही केरळातल्याच अंगडिपुरमचा दगड पाहून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं वर्कल्याचा कडा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानला आहे. २०२५ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत तो आला, आणि त्याच वेळी आपले पाचगणी-महाबळेश्वरही आले. जांभा सच्छिद्र असतो. कोकणात ज्यानं जांभ्याची विहीर पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. वरचं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या वाळूच्या आणि चिकणमातीच्या थरांशी अडतं, आणि कड्याच्या पोटातून झरे होऊन बाहेर येतं. खालचे मऊ थर झिजतात, वरचा कठीण माथा अधांतरी राहतो आणि एक दिवस ढासळतो. लाटा पायथा खातात ते वेगळंच. ही निसर्गाची रीत झाली. आता त्या माथ्यावर इमारतींचं ओझं टाका, वर शोषखड्डे खणा, स्वयंपाकघराचं आणि न्हाणीघराचं पाणी जमिनीत सोडा. मग जे होतं त्याला काय म्हणाल? ज्या कड्यावर बसून आपण जेवतो, तो कडाही आपल्या जेवणाबरोबर थोडा थोडा संपतो.

आता कुणी म्हणेल, 'सर, माणसं वर्षातून चार दिवस सुट्टीवर जातात. त्यांच्या ताटात कशाला तत्त्वज्ञान वाढता?' आक्षेप रास्त आहे. त्या हॉटेलांवर तिथल्या शेकडो घरांची चूल पेटते, हेही खरं. आणि माझ्या वयात कड्याच्या पायऱ्या उतरून वाळूत जाणं जमत नाही. कुणीतरी वर खुर्ची मांडली आहे, चहा आणून दिला आहे, याची किंमत मला कळते. आनंद नाकारा असं मी सांगत नाही. पण आनंदाचीही पारख असते, आणि समीक्षकाचं काम निकष देणं हे आहे. मी तीन देतो.

पहिला: हेच पान भिंतीसमोर बसून जेवलात तर आवडेल का? आवडणार असेल तर स्वयंपाक खरा.

दुसरा: तुमच्या टेबलाच्या आणि समुद्राच्या मध्ये, काहीही न विकत घेणारा माणूस चालू शकतो का? वर्कल्याच्या बाजूनं एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, तिथली पायवाट टेबलांच्या पुढून जाते. शेंगदाणे खात जाणारं कुटुंब तुमच्या सूर्यास्ताच्या आडवं येतं. ते आडवं येणं मला त्या जागेचं सर्वांत चांगलं लक्षण वाटतं. जिथे पायवाट कुंपणाच्या आत गेली, तिथे समुद्र खाजगी झाला असं समजा.

तिसरा: इमारत धारेपासून मागे आहे का, आणि तिचं सांडपाणी कुठे जातं? हा प्रश्न वाढप्याला विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण मासा ताजा आहे का, हे विचारताना वाटत नाही.

हे तीन प्रश्न उद्या आपल्याला घरच्या अंगणातच विचारावे लागणार आहेत. कोकणच्या आणि गोव्याच्या जांभ्याच्या कड्यांवर 'सी फेसिंग'च्या पाट्या लागू लागल्या आहेत. किनारी क्षेत्राचे नियम १९९१पासून आहेत, २०११ आणि २०१९मध्ये ते नव्यानं आले. पण नियम अंतर मोजतो, आस्वाद मोजत नाही. आपल्याला काय बघायला आवडतं, आणि ते बघण्यासाठी आपण काय काय खर्ची घालायला तयार आहोत, हे कुठल्याही अधिसूचनेत लिहिलेलं नसतं. ते गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं, म्हणजे तुम्ही आणि मी.

इथे थांबतो. पुढच्या वेळी आपण जांभ्याच्याच एका दुसऱ्या उपयोगाकडे, कोकणातल्या देवळांच्या बांधणीकडे वळू. तोवर कुणी समुद्रावर जेवायला गेलात, तर खुर्ची थोडी वळवून बसा. समुद्र तिरका दिसेल, पण समोरचा माणूसही दिसेल. आता प्रश्न घेऊ.