एकट्याचा प्रयोग, अनेकांचे हात

एकपात्री प्रयोगाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक आणि कलावंत या तिन्ही ठिकाणी पुष्कळदा एकच नाव छापलेले असते. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला होणाऱ्या नाटुकल्याचे आभारप्रदर्शन आठवावे. पडदा ओढणाऱ्या मुलापासून चहा देणाऱ्या भगिनींपर्यंत कोणी त्यातून सुटत नाही. किंबहुना आभार कधी कधी नाटकापेक्षाही लांबतात! एकपात्रीच्या बाबतीत मात्र आपण रसिक एकाच नमस्कारात सारे ऋण फेडून मोकळे होतो. त्या एका माणसामागे निर्मितीचे किती हात असतात, आणि ते नसले तर कलाकृतीचे काय होते, याचा विचार व्हावयास हवा.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली हा प्रयोग रंगमंचावर आणला. मराठवाड्यातील एका खेड्यातला मुलगा लंडनला जातो, तेथील गोऱ्या मुलीशी त्याचा विवाह ठरतो, आणि सारे गणगोत विमानात बसून लग्नाला निघते, एवढेच कथानक. पण त्यातील बावन्न व्यक्ती एकट्या देशपांड्यांनी जवळपास रिकाम्या रंगमंचावर उभ्या केल्या. नुसता आवाज बदलणे ही नक्कल झाली. देशपांडे मान, खांदा, बसण्याची ढब बदलीत, आणि पात्र बोलण्यापूर्वीच ओळखू येई. मराठवाड्याची बोली तोपर्यंत मुंबई-पुण्याच्या रंगभूमीला बहुधा चवीपुरतीच ठाऊक होती. येथे तिने सुमारे तीन तास प्रेक्षागृह ताब्यात ठेवले. पुढे गिनेस बुकात या प्रयोगाची नोंद झाली. विक्रमाचे कौतुक जरूर करावे, परंतु त्या नोंदीने आपले लक्ष बावन्न या आकड्याकडेच वळविले आणि संहितेकडे पाहणे राहून गेले, असे मला वाटते.

संहितेकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट जाणवते. लेखक, दिग्दर्शक आणि नट एकच असल्यामुळे वाक्य लिहितानाच ते कोणत्या गळ्यातून येणार हे निश्चित होते. म्हणून त्यात कोठे सांधा दिसत नाही. पण त्याच कारणाने, हशा पिकलेली जागा लांबविणाऱ्या नटाला ‘पुरे’ म्हणणाराही तेथे कोणी नाही. विमानप्रवासाचा भाग मला नेहमी थोडा पसरट वाटत आला आहे. शिवाय शहरातील प्रेक्षक या भाबड्या माणसांबरोबर हसतो आहे की त्यांना हसतो आहे, ही सीमारेषा काही ठिकाणी पुसट होते. देशपांड्यांचे आपल्या माणसांवरील प्रेम ती सांभाळून नेते, हे खरे. पण ते प्रेम कलावंताच्या डोळ्यांत होते, कागदावर ते तितके उतरलेले नाही.

पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली, तेव्हा त्यांच्यामागे सुनीताबाई होत्या. प्रयोगाची आखणी, व्यवहार, वेळेची शिस्त, हे सारे त्यांच्या काटेकोर स्वभावावर उभे होते. ‘आहे मनोहर तरी’ हे त्यांचे आत्मकथन १९९० साली आले, तेव्हा कोठे अनेक वाचकांना या सहनिर्मितीची जाणीव झाली. तोवर चाळ आपल्या लेखी एकट्या पुलंचीच होती. आपल्या घरातही हेच चालते म्हणा. स्वयंपाकाची वाहवा पाहुण्यांसमोर वाढणाऱ्याच्या वाट्याला जाते.

लक्ष्मण देशपांडे २००९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. एका देहासाठी रचलेला प्रयोग त्या देहाबरोबर संपतो काय, हा प्रश्न त्या दिवशी खराखुरा उभा राहिला. काही वर्षांनी संदीप पाठक या मराठवाड्याच्याच अभिनेत्याने ‘वऱ्हाड’ पुन्हा मार्गस्थ केले. हे धाडसच होते, कारण मूळ आवाज ध्वनिफितींमधून घरोघरी पोहोचलेला. प्रत्येक विरामाची तुलना होणार. पाठकांनी बोलीचा बाज राखला आणि चपळाई स्वतःची आणली. तरीही या संहितेला आता परक्या नजरेचा एखादा दिग्दर्शक भेटावा, त्याने निर्दयपणे कात्री लावावी, असे वाटत राहते. वारशाविषयीचा आदर कात्रीच्या आड येऊ नये.

सुषमा देशपांडे यांनी या बाबतीत वेगळी वाट धरली. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा प्रयोग त्यांनी १९८९ पासून स्वतः लिहून स्वतः सादर केला, गावोगावी नेला. त्यात सावित्रीबाई फुले स्वतःच आपली हकीकत सांगतात. पुढे शिल्पा साने आणि शुभांगी भुजबळ यांनीही ती भूमिका उभी केली. लेखिका समोर असतानाच भूमिका दुसरीच्या स्वाधीन होणे ही एकपात्रीच्या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट. त्यासाठी स्वतःच्या टाळ्या दुसरीच्या पदरात पडताना पाहावे लागते.

कोल्हापूरकरांना हा विषय अधिक जवळचा वाटावा. शंकर पाटील येथून जवळच्या पट्टणकोडोलीचे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे दौरे केले, तेव्हा त्यांच्यापाशी एक ध्वनिक्षेपक आणि समोर माणसे, याहून काही नव्हते. ‘धिंड’ ऐकलेला माणूस ती कथा पुढे नुसती वाचू शकत नाही. पाटलांचा संथ, बेरकी आवाज ओळींमधून बोलू लागतो. ते १९९४ साली गेले, मिरासदार २०२१ मध्ये. त्या कथा पुस्तकांत आहेत, आवाज फितींवर आहे, पण ‘वऱ्हाड’ला जसा वारस मिळाला तसा त्यांना मिळालेला माझ्या पाहण्यात नाही. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेले आमचे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री आगीत सापडले, तेव्हा सारे शहर हळहळले. कथाकथनाला तेवढ्या मोठ्या रंगमंचाची गरज कधीच नव्हती. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चशेजारचा हॉलही पुरेल; फक्त सांगणाऱ्याबरोबर तालमीला बसून ‘हे वाक्य पुन्हा म्हण’ असे सांगणारा आणखी एक माणूस हवा.