छापून येण्याआधीचे लेखन : मुक्तिबोधांचा ‘तिसरा क्षण’ आणि जबलपूरची ‘वसुधा’



लिहू लागलेले विद्यार्थी वर्ग संपल्यावर थांबून बहुधा एकच प्रश्न विचारतात, “सर, हे कुठे छापून येईल?” वहीत चार कविता असतात किंवा एखादी कथा असते. ‘हे लिहून पूर्ण झाले आहे का?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. या टिपणात आपण या दोन प्रश्नांतला फरक समजून घेणार आहोत. त्यासाठी गजानन माधव मुक्तिबोध यांचा ‘तीसरा क्षण’ हा निबंध वाचायचा आहे. तो ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात आहे. या डायरीतले लेखन पुस्तकात येण्याआधी जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात स्तंभरूपाने येत होते. निबंध काय सांगतो आणि काय सांगायचे राहून जाते, या दोन्ही गोष्टी पाहू.

१. पार्श्वभूमी

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घर मराठी, पण ते हिंदीत लिहीत. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून तुम्हाला माहीत असतील. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत लिहीत होते. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होती त्याच प्रांतात तेव्हा जबलपूरही होते, हे लक्षात घेतले तर यात फारसे नवल वाटणार नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ही दोन शहरे एकाच राज्यात होती आणि नोकरी, शिक्षण, छापखाना यांसाठी माणसे दोन्हीकडे ये-जा करीत.

स्वातंत्र्याच्या आसपासची दोनेक वर्षे मुक्तिबोध जबलपुरात होते. हितकारिणी हायस्कुलात त्यांनी शिकवले आणि वृत्तपत्रातही काम केले. पुढे नागपूर आणि १९५८पासून राजनांदगावचे दिग्विजय महाविद्यालय. मिळकत बेताची, घर मोठे आणि लिहायला वेळ रात्रीचा, अशीच त्यांची बहुतेक वर्षे गेली.

११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. त्यामुळे ‘हयातीत उपेक्षित, मृत्यूनंतर थोर’ अशी एक कथा तयार झाली. ही कथा नवोदित लेखकांना फार आवडते, कारण आपल्या नकारपत्रांना तिच्यामुळे मोठेपणा येतो. म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी.

२. ती कथा कितपत खरी?

१९४३ साली अज्ञेय यांनी संपादित केलेला ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाला. त्यातील सात कवींपैकी मुक्तिबोध एक होते. त्यावेळी त्यांचे वय २६च्या आसपास होते. म्हणजे विशीतच ते हिंदीतल्या एका महत्त्वाच्या संग्रहात छापले गेले होते. पुढेही नियतकालिकांतून त्यांचे लेखन येत राहिले. तेव्हा ‘कोणी छापलेच नाही’ हे खरे नाही. स्वतःचा कवितासंग्रह मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही, हे खरे आहे.

आता एक तुलना करा. शरच्चंद्रांचा पहिला कवितासंग्रह ‘नवी मळवाट’ १९४९ साली आला, तर थोरल्या भावाचा १९६४ साली. मधे पंधरा वर्षांचे अंतर आहे. यावरून कोणता भाऊ थोर हे ठरवता येणार नाही. एवढेच कळते की पुस्तक कधी निघाले ही तारीख लेखनाच्या गुणवत्तेचे माप नाही. लवकर छापले गेल्याने कोणी उथळ ठरत नाही आणि उशीर झाल्याने कोणी खोल ठरत नाही.

उशीर का झाला? प्रकाशनव्यवहार, गरिबी, राजकीय मते ही कारणे त्यांचे अभ्यासक देतात आणि ती खरी आहेत. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, हा घाव तर उघडच आहे. पण आणखी एक कारण डायरीत त्यांनीच सांगितले आहे. ‘एक लंबी कविता का अंत’ या निबंधात ते कबूल करतात की छोट्या कविता आपल्याला जमत नाहीत आणि लांब कविता संपत नाहीत. अशा कितीतरी कविता त्यांच्याकडे अपुऱ्या पडून होत्या. म्हणजे एक अडथळा प्रकाशकाच्या दारात होता आणि दुसरा त्यांच्याच टेबलावर. ‘तिसरा क्षण’ हा निबंध या दुसऱ्या अडथळ्याविषयी आहे.

३. तीन क्षण

निबंध एखाद्या व्याख्यानासारखा नाही. निवेदकाला केशव नावाचा जुना मित्र आठवतो, दोघांची रानावनातली भटकंती आठवते आणि गप्पांतून सिद्धांत आकार घेतो. निवेदक बोलका आणि भावुक, केशव कोरडा आणि मोजके बोलणारा. कलानिर्मितीचे तीन क्षण असतात ही मांडणी मुक्तिबोध केशवच्या तोंडी घालतात. त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायला निवेदकही मोकळा राहतो आणि आपणही.

पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. काहीतरी घडते आणि आपण हलून जातो.

दुसऱ्या क्षणी हा अनुभव स्वतःच्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एक चित्र म्हणून उभा राहतो. मुक्तिबोध याला ‘फँटसी’ म्हणतात. हा शब्द इथे परीकथेच्या अर्थाने नाही. माझे दुःख माझ्यापासून थोडे दूर उभे राहते, त्यात इतरांचेही काही मिसळते आणि मी ते पाहू शकतो, असा त्याचा अर्थ.

तिसरा क्षण शब्दांचा. ही फँटसी शब्दांत उतरवायला सुरुवात होते आणि कृती पूर्ण होईपर्यंत हा क्षण चालतो. ‘क्षण’ म्हटले तरी तो वर्षभर चालू शकतो.

निबंधाचे खरे बळ या तिसऱ्या भागात आहे. शब्द लेखकाच्या मालकीचे नसतात, त्यांना समाजाने आणि परंपरेने दिलेले अर्थ असतात, असे मुक्तिबोध बजावतात. म्हणून फँटसी शब्दांत जशीच्या तशी उतरत नाही. ती शब्दांना वाकवते आणि शब्द तिला वाकवतात. या झटापटीतून जी कृती निघते ती दुसऱ्या क्षणी दिसलेल्या चित्राची नक्कल नसते. लिहिता लिहिता लेखकाला असे काही सापडते, जे लिहायला बसताना त्याच्याकडे नव्हते.

४. प्रयोगशाळेतले उदाहरण

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. डायोडचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. तुम्ही रीडिंग घेता, ग्राफ काढता आणि मग जर्नलमध्ये निष्कर्ष लिहायला बसता. ‘ठराविक व्होल्टेजनंतर करंट झपाट्याने वाढतो’ असे वाक्य लिहिताना पेन थांबते. ठराविक म्हणजे किती? ग्राफकडे पाहिले की कळते, सिलिकॉन डायोडची रेषा ०.७ व्होल्टच्या आसपास वळते आणि नेमक्या त्याच जागी आपण दोनच रीडिंग घेतली आहेत. सगळीकडे सारख्या अंतराने रीडिंग घेतल्याचा हा परिणाम. ही उणीव मीटरने दाखवली नाही, ग्राफ काढतानाही ती ध्यानात आली नाही. वाक्य लिहायला घेतले तेव्हा ती दिसली. चांगला विद्यार्थी इथे उठून पुन्हा टेबलाकडे जातो. बाकीचे शेजाऱ्याच्या जर्नलमधला निष्कर्ष उतरवून घेतात.

लेखनातही हेच घडते. वाक्य अडले की अनुभवाकडे परत जावे लागते. तिथे न जाता तयार शब्द उचलले, म्हणजे ‘मन हेलावून गेले’, ‘काळजाला चटका लावून गेले’ असे लिहिले, तर तो शेजाऱ्याच्या जर्नलमधला निष्कर्ष होय.

माझ्या विशीत मी एक कथा एका मासिकाकडे पाठवली होती. दोन महिन्यांनी पाकीट परत आले, आत ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी. कारण लिहिलेले नव्हते. कितीतरी दिवस मी त्या संपादकांवर मनातून रागावलेला होतो. बऱ्याच वर्षांनी, हा निबंध शिकवायच्या निमित्ताने, मी ती कथा बाहेर काढून वाचली. ती पहिल्याच क्षणी थांबलेली होती. जे घडले ते सांगितले होते आणि मला किती वाईट वाटले तेही. त्या दुःखापासून मी एक पाऊलही मागे आलो नव्हतो. त्या चिठ्ठीने माझ्यावर अन्याय केला नव्हता, पण काही शिकवलेही नव्हते. नकारातून काय दुरुस्त करायचे हे क्वचितच कळते. ते आपल्याला स्वतःच शोधावे लागते.

५. निबंधात काय राहून जाते

आता आक्षेप. तीन क्षणांच्या या हिशेबात वाचक कुठे आहे? भाषा सामाजिक आहे असे म्हणून मुक्तिबोध समाजाला आत आणतात हे खरे. पण अंकाची वाट पाहणारा संपादक, तो विकत घेणारा वाचक, हस्तलिखित देण्याची तारीख यांना सिद्धांतात जागा नाही. कृती ‘पूर्ण’ झाली हे लेखकाने एकट्याने ठरवायचे, असेच तो गृहीत धरतो. एकट्याने ठरवायचे म्हटले की तिसरा क्षण संपतच नाही, आणि ‘एक लंबी कविता का अंत’मधली तक्रार नेमकी हीच आहे.

याचे उत्तर सिद्धांतात नसले तरी त्याच्या प्रकाशनाच्या इतिहासात आहे. ‘वसुधा’ हे मासिक जबलपुरातून हरिशंकर परसाई काढत. ते पुढे हिंदीतले सर्वांत वाचले जाणारे व्यंगकार झाले, पण त्यांची सुरुवातही साधीच होती. ‘हँसते हैं रोते हैं’ हे पहिले पुस्तक त्यांनी पदरमोड करून स्वतःच काढले आणि स्वतःच विकले. १९५७ साली शाळामास्तरची नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. ‘वसुधा’ तोट्यातच चालली आणि शेवटी बंद पडली. तरी तिने एक महत्त्वाचे काम केले. ज्या लेखकाच्या कविता संपत नव्हत्या, त्याच्याकडून तिने स्तंभ लिहून घेतला. स्तंभाला पानांची मर्यादा असते आणि अंक निघायचा असतो, म्हणून तो संपवावा लागतो. ‘तीसरा क्षण’सारखे निबंध आज आपल्याला पूर्ण रूपात वाचता येतात, याचे थोडे श्रेय या छोट्या, कर्जबाजारी मासिकाला द्यायला हवे असे माझे मत आहे.

याला आपण चौथा क्षण म्हणू. हा शब्द मुक्तिबोधांचा नाही, माझा आहे. लेखन दुसऱ्याच्या हातात देण्याचा हा क्षण. तो टाळण्याची किंमतही मुक्तिबोधांच्याच बाबतीत दिसते. पहिल्या संग्रहात कोणत्या कविता घ्यायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवायला ते उरले नव्हते. ती निवड स्नेह्यांनी केली. मनापासून केली, पण ती त्यांची नव्हती.

परसाईंचा मार्ग उलट होता. लिहायचे, द्यायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा लिहायचे. यातही धोका आहे, घाईत तिसरा क्षण आटोपला जातो. दोघांपैकी एकाला आदर्श आणि दुसऱ्याला इशारा मानू नका. या दोघांची गरज एकमेकांना होती आणि ती एका मासिकाच्या पानांवर भागली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

६. समारोप

लिहिणे, पूर्ण करणे आणि प्रसिद्ध होणे ही तीन वेगळी कामे आहेत. नकार आला की ‘आपण मुक्तिबोधांसारखे उपेक्षित’ असे मानू नका आणि लगेच छापून आले की आपले लेखन पूर्ण झाले असेही मानू नका. आधी स्वतःला विचारा, हे कोणत्या क्षणी थांबले आहे? मग ते एका माणसाला वाचायला द्या. महाविद्यालयाचे भित्तिपत्रक असेल, वार्षिक अंक असेल, चार मित्रांनी मिळून काढलेले मासिक असेल. तिथे दिलेली तारीख पाळा. ‘वसुधा’ही अशीच एका शाळामास्तरने काढली होती.

स्वाध्याय

१. ‘तीसरा क्षण’ वाचा. केशव आणि निवेदक यांच्या स्वभावांतील फरकाचा सिद्धांताच्या मांडणीवर काय परिणाम होतो ते दहा ओळींत लिहा.

२. तुमचे एक जुने लेखन काढा. ते तीनपैकी कोणत्या क्षणी थांबले आहे ते ठरवा आणि त्यातील एक वाक्य पुराव्यादाखल द्या.

३. ‘चौथा क्षण’ ही या टिपणातील भर तुम्हाला पटते का? पटत नसेल तर मुक्तिबोधांच्या बाजूने युक्तिवाद करा.