अरेंजर की-बोर्ड आणि आपला डावा हात

अरेंजर की-बोर्डची तुलना सुरू झाली की बहुतेक वादक आधी टोन ऐकतात. दुकानात उभ्याउभ्या उजव्या हाताने बासरी, सनई, सॅक्सोफोन वाजवून पाहायचे, एखादा भांगडा रिदम लावायचा आणि तिथेच पसंती ठरवायची. अशी निवड स्टेजवर लवकरच अपुरी पडते, कारण अरेंजरचं मुख्य काम उजव्या हाताखाली घडतच नाही. डावा हात दोन-चार स्वर धरतो आणि त्यावरून यंत्र बेस, गिटार, स्ट्रिंग्ज, तालवाद्यं अशी सगळी साथ उभी करतं. ती साथ वादकाच्या ताब्यात किती राहते, यावर या वाद्याची प्रत ठरायला हवी. मराठी गाणं वाजवणाऱ्याने तर हाच प्रश्न आधी विचारावा.

या वाद्याचा स्वभाव त्याच्या जन्मगावात सापडतो. इटलीच्या मार्के प्रांतातलं कास्तेलफिदार्दो हे अकॉर्डियन बनवणाऱ्यांचं गाव. केट्रॉन ही अरेंजर बनवणारी कंपनी त्याच प्रांतातल्या अंकोनाची, आणि रोलंडनेही आपली युरोपीय शाखा त्याच भागात थाटली; १९८८ साली आलेला ई-२० हा त्यांचा सुरुवातीचा अरेंजर. अकॉर्डियनमध्ये उजवा हात सुरावट वाजवतो आणि डावा हात बटणांवरून बेस आणि कॉर्ड देतो. अरेंजरने हीच विभागणी घेतली. युरोपात हॉटेलांतून, लग्नांतून एकट्याने रात्रभर पाहुण्यांना नाचवणारा कलाकार हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक होतं.

आपल्या पेटीवादकाचा डावा हात मात्र भात्यावर असतो. गाण्याबरोबर सावलीसारखं जाणं, गायकाची जागा हेरून ती उजव्या हाताने भरणं, ही आपली साथीची रीत. त्या परंपरेतला वादक अरेंजरसमोर बसतो तेव्हा त्याचा उजवा हात तयार असतो आणि डावा नवशिका. गोव्यात ही अडचण कमी जाणवते. तिथे चर्चच्या संगीतशाळांमुळे स्वरलिपी आणि हार्मनी घराघरांत पोचली. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोमंतकीय अरेंजर हिंदी चित्रपटसंगीतात आले ते हीच विद्या घेऊन. गोव्यातल्या लग्नात किंवा हॉटेलात वाजवणाऱ्या वन मॅन बँडला वॉल्ट्झ, जाइव्ह, फॉक्सट्रॉट यंत्रात तयारच मिळतात आणि डाव्या हाताला काय करायचं ते ठाऊक असतं. तिथे अरेंजर आपल्या घरी असल्यासारखा वाजतो.

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी बराच काळ अरेंजरला दूरच ठेवलं. रोलंडचे एक्सपी-६० आणि एक्सपी-८० अरेंजर नव्हते, पण स्टेजवर त्यांचाच बोलबाला होता. ताल ऑक्टोपॅडवर माणूस वाजवायचा, की-बोर्डवाला फक्त पीस भरायचा. नंतर बजेट आटत गेलं. आठ-दहा जणांच्या ताफ्याऐवजी दोघा-तिघांची सुपारी येऊ लागली, तेव्हा एकीकडे तयार साथीचे ट्रॅक आले आणि दुसरीकडे अरेंजर. ट्रॅकवर गाणाऱ्याला ट्रॅकच्या मागे जावं लागतं. अरेंजर निदान गाणाऱ्याच्या मागे येऊ शकतो. प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला, गायिकेला एक कडवं गाळायचं असलं, आवाज बसला म्हणून काळी पाचचं गाणं काळी चारला घ्यावं लागलं, की हा फरक कळतो. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की काम भागतं, आणि एवढ्या एका सोयीसाठीही मी ट्रॅकपेक्षा अरेंजरच्या बाजूने उभा राहीन.

ताबा म्हणजे नेमकं काय, ते भैरवीतलं एखादं गाणं घेतलं की दिसतं. षड्जावर मेजर कॉर्ड धरली तर गिटारच्या शुद्ध गंधाराशी गाण्याचा कोमल गंधार टक्कर घेतो. म्हणून वादक मायनर धरतो. तरीही कानाला काहीतरी खुपत राहतं, कारण स्ट्रिंग्जच्या ठेवणीत बसवणाऱ्याने शोभेसाठी शुद्ध रिषभ घातलेला असतो आणि गायक कोमल रिषभावर थांबलेला असतो. टोन कितीही महागाचा असो, इथे तो बेसूरच. उपाय दोन आहेत. एक, डाव्या हाताने फक्त सा आणि प धरायचे. यामाहाचे अरेंजर हे दोन स्वरही कॉर्ड म्हणून ओळखतात आणि गंधाराचा वाद मिटतो. दोन, रिदममधली वाद्यं कमी करायची. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ चॅनेल असतात: रिदमचे दोन, बेस, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. कॉर्गमध्येही ड्रम, पर्कशन, बेस आणि साथीचे पाच असे आठच. जाणता वादक आपल्या गाण्याला ताल आणि बेस ठेवतो, पॅड हळू करतो, बाकीचे बंद करतो. बेस षड्जावर खिळवून वर कॉर्ड बदलायच्या असतील, तर यामाहात ‘फिंगर्ड ऑन बेस’ आणि कॉर्गमध्ये ‘बेस इन्व्हर्शन’ आहे. या सोयींनी आपल्या संगीतातला आधारस्वर यंत्राच्या हार्मनीतून सुटून निघतो. घेण्याआधी वादकाने टोनच्या यादीपेक्षा या गोष्टी तपासाव्यात.

दुसरी कसोटी थांबण्याची. लावणीची बारी चालू आहे, गायिका मुखड्यावर येऊन अदा करते, प्रेक्षकांतून टोमणा येतो, ती उत्तर देते, आणि मग भुवई उंचावून पुन्हा उठाव घेते. ढोलकीवाला तिच्या पायाकडे पाहून थांबतो आणि नेमका समेवर पडतो. अरेंजरकडून एवढं होण्यासाठी सिंक्रो स्टॉप आणि सिंक्रो स्टार्ट ही दोन बटणं आहेत: डावा हात उचलला की ताल थांबतो, ठेवला की पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. पूर्वीपासूनची ही सोय जवळजवळ सगळ्या चांगल्या यंत्रांत आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक स्टेजवर ती बंदच असते. गायिका मध्येच अर्ध्या आवर्तनात मुखड्यावर आली तर यामाहाच्या एसएक्स मालिकेत रीसेटचं बटण आहे. ते दाबलं की चालू भाग तिथल्या तिथे पहिल्या मात्रेवर येतो. भजनाच्या गजरात लय चढत जाते, तिथे टेम्पोचं बटण हळूहळू रेटत राहावं लागतं. ते चाकावर किंवा हाताच्या टप्प्यात नसेल तर गजराची चढण तुटते.

तिसरी गोष्ट तालवाद्याच्या सुराची. तिच्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत आणि वादक तक्रार करत नाहीत. ट्रान्सपोज केल्यावर बेस, गिटार, पेटी सगळे नव्या स्केलमध्ये जातात, ड्रमकिट जात नाही. पाश्चात्त्य ड्रमला ते चालतं. पण ढोलकीची चाटी आणि तबल्याचा दायाँ गाणाऱ्याच्या षड्जाला लावलेला असतो. काळी एकच्या चाटीवर काळी चारचं गाणं म्हणजे साथीला सतत एक परका स्वर बोलत राहणं. कॉर्गच्या पीए मालिकेत ड्रमकिट उघडून एकेका बोलाचा सूर बदलता येतो. काळी एक, काळी चार, पांढरी पाच अशा सुरांचे ढोलकीचे वेगवेगळे किट करून ठेवणाऱ्याची साथ कान देऊन ऐकावी. याच एका कारणाने मी मराठी गाण्यासाठी कॉर्गला झुकतं माप देतो. त्यात सॅम्पल यंत्रातच चढवून, कापून, किटमध्ये बसवता येतं. शिवाय दोन गाणी दोन बाजूंना तयार ठेवून एकातून दुसऱ्यात सरकवण्याची सोय आहे. किंमत म्हणून मेन्यूंच्या पोटात शिरावं लागतं आणि शिकायला वेळ द्यावा लागतो.

यामाहाचा वादक लवकर रुळतो. २०१९ मध्ये एसएक्स ७०० आणि ९०० आले, २०२४ मध्ये ७२० आणि ९२०. टचस्क्रीन स्वच्छ, गाण्यांची प्लेलिस्ट सोपी, आणि पियानो, स्ट्रिंग्ज, सॅक्स बॉक्समधून काढल्याबरोबर स्टेजवर चालतात. ७०० की ९००, असं विचारणाऱ्याने बाहेरचे टोन चढवायला किती जागा आहे ते पाहावं: पहिल्यात ४०० एमबी, दुसऱ्यात १ जीबी. भारतीय टोनचे पॅक वापरणाऱ्याला हा फरक मोलाचा. मात्र ते पॅक संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून बांधून आणावे लागतात. जेनोस (२०१७) आणि जेनोस २ (२०२३) आवाजात सगळ्यांच्या वर आहेत. पण त्यांना स्वतःचे स्पीकर नाहीत, ७६ पट्ट्यांची लांबी आहे, आणि मांडवात जनरेटरच्या विजेवर एवढी महाग वस्तू लावताना जीव वरखाली होतो. सभागृहात नेहमी वाजवणाऱ्याने ती घ्यावी.

रोलंडबद्दल लिहिताना वाईट वाटतं. ज्या कंपनीच्या वाद्यांवर आपले ऑर्केस्ट्रा वाढले, तिने ई-ए७ नंतर वरच्या वर्गातला अरेंजर जवळपास सोडून दिला. ई-एक्स ५० घरगुती वापराच्या जवळचा आहे. तिचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० स्टेजवर खूप दिसतात, कारण ते वजनाला हलके आहेत, भारतीय टोन देतात आणि पेनड्राइव्हवरून सॅम्पल घेतात. पण अरेंजरचं काम ते करत नाहीत. कॅसिओचे सीटी-एक्स ८००० आयएन आणि ९००० आयएन भजनी मंडळाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, नव्याने सुपारी घेणाऱ्याला पुरेसे आहेत.

माझं खरं गाऱ्हाणं इथे आहे. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओचे आयएन, हे भारतासाठी म्हणून काढलेले की-बोर्ड सगळे खालच्या नाहीतर मधल्या वर्गातले. अरबी संगीताचं चित्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी यामाहाने पीएसआर-ए३००० आणि पुढे ए५००० काढले, कॉर्गने पीएच्या ओरिएंटल आवृत्त्या काढल्या, रोलंडच्या ई-ए७ मध्येही स्वर पाव स्वराने उतरवण्याची बटणं समोरच दिली. तिथल्या वादकांनी आपल्या मकामांसाठी हट्ट धरला आणि तो व्यावसायिक दर्जाच्या यंत्रांत पुरवला गेला. आपला कोमल गंधार किती उतरा घ्यायचा, हे आपणही त्याच स्केल ट्यूनिंगमधून साधू शकतो, पण त्यासाठी मेन्यूत चार पायऱ्या उतराव्या लागतात. भारतात ही यंत्रं घ्यायला ग्राहक आहेत. व्यावसायिक यंत्रात ढोलकी, संबळ, दिमडी नीट रेकॉर्ड करून घालण्याइतका आग्रह अजून कुणी धरलेला दिसत नाही. भांगडा आणि दांडिया बऱ्याच यंत्रांत सापडतात. धुमाळीचं चांगलं वजन मला एकाही कंपनीच्या तयार रिदममध्ये सापडलेलं नाही. लग्गीतला तो किंचित मागे रेंगाळणारा बोल मोजपट्टीवर सरळ करून टाकलेला असतो, आणि घुमाऱ्याची मींड एकाच सुरात गोठलेली असते. केट्रॉनने खऱ्या ड्रमरचं वादन ध्वनिमुद्रित करून लयीप्रमाणे ताणणारे ऑडिओ ड्रम दिले आहेत. ढोलकीसाठी माझ्या मते हीच दिशा बरोबर आहे.

तोवर ही उणीव भरून काढतात ते आपलेच रिदम बनवणारे. घराच्या एका खोलीत ढोलकीवाल्याला बोलावून बोल रेकॉर्ड करायचे, ते पट्ट्यांवर बसवायचे, मेनचे चार भाग, फिल, ब्रेक, एंडिंग रचायचे, आणि शेवटी डाव्या हाताने कुठलीही कॉर्ड धरली तरी बेस विचित्र स्वरावर जाणार नाही, हे एकेक करून तपासायचं. हे काम संगीत संयोजकाचं आहे. गाण्याच्या श्रेयनामावलीत संयोजकाचं नाव येतं, रिदमच्या फाइलमध्ये कुणाचंच येत नाही. ती एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाते आणि दुकानदार ती नव्या यंत्राबरोबर भेट म्हणून चढवून देतो.

१९८५ साली जमैकात वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ निघालं आणि रेगे संगीताचं वळणच बदललं. त्याचा ताल कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या की-बोर्डमधला तयार रॉक रिदम होता, आणि तो बसवला होता हिरोको ओकुडा या जपानी संगीतकर्तीने. एका यंत्रातल्या एका रिदममध्ये एवढी ताकद असू शकते, हे त्या गाण्याने दाखवलं. आपल्याकडे लावणीचा, कोळीगीताचा, गोंधळाचा रिदम बसवणाऱ्यांचं काम त्याच जातीचं आहे. नाट्यगीतं आणि लोकगीतं यांच्या स्पर्धा होतात, वाद्यवादनाला पुरस्कार मिळतात. त्यात रिदम-रचनेचा एक विभाग सुरू करायला काहीच अडचण नाही. परीक्षक म्हणून मात्र एक ढोलकीवाला बसवावा.